पहाटे साडेचारचा सट्टा



आपल्या शिरढोण-पळस्पे पट्ट्यात बर्फ म्हणजे मच्छीबाजारात माशांवर टाकतात तो, नाहीतर जत्रेत गोळ्याच्या गाडीवर किसतात तो. अमेरिका आणि कॅनडात त्याच बर्फाचे मोठे मैदान करतात, धारदार पट्टीचे बूट घालून त्यावर घसरत पळतात आणि काठीने रबराची चकती गोलात मारतात. आइस हॉकी म्हणतात त्याला. तिथली मोठी व्यावसायिक लीग साधारणपणे ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते. ३२ संघ आहेत आणि एकेका संघाला मोसमात ८० हून जास्त सामने खेळावे लागतात. गोदामात रात्रपाळी करणारा आपल्याकडचा एक पोरगा या खेळावर पैसे लावत होता. त्याने आयुष्यात आइस हॉकीचा एकही सामना पूर्ण पाहिलेला नाही. खेळाडूंची नावे त्याला धड उच्चारता येत नाहीत. संघांच्या चिन्हांचे रंग तेवढे पाठ झाले होते.

त्याला विचारले, हाच खेळ का? तो म्हणाला, "पहाटे दुसरं काय चालू नसतं ना."

एवढ्या एका वाक्यात सगळा रोग आला, म्हणून हा विषय आरोग्याच्या पानावर घेतला आहे. खेळाची आवड, संघाचा अभिमान, यातले तिथे काहीच नाही. न्यूयॉर्क किंवा टोरांटोमध्ये संध्याकाळचे सात वाजतात, तेव्हा ऑक्टोबरात आपल्याकडे पहाटेचे साडेचार झालेले असतात. पाळी संपत आलेली, डोळे चुरचुरत असलेले, आणि हातात मोबाइल. आयपीएल संपली की पोरगा ताळ्यावर येईल, अशी आशा घरातली माणसे धरून बसतात. पण ॲपला पावसाळा नसतो की सणवार नसतो. आयपीएल गेली की इंग्लंडचे क्रिकेट, ते संपले की फुटबॉल, मग टेनिस, मग कुठल्या तरी देशातले टेबल टेनिस, आणि पहाटे बर्फावरची हॉकी. चोवीस तासांत एक मिनिट असे ठेवलेले नाही की जेव्हा पैसे लावायला काहीच नाही.

दूर देशातल्या गोष्टीवर गरिबाने पैसे लावायचे, हे मुंबईला नवीन नाही. पनवेलमधल्या आपल्या वडीलधाऱ्यांना मटका माहीत आहे, पण त्याची सुरुवात फार थोड्यांना माहीत असेल. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात भाव कितीला उघडला आणि कितीला बंद झाला, ते तारेने मुंबईच्या कापूस बाजाराला कळवले जाई. त्या भावाच्या आकड्यांवर लोक पैसे लावत. 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द तिथूनच आले. १९६१ मध्ये न्यूयॉर्कहून आकडे येणे बंद झाले, तेव्हा धंदा बुडायला हवा होता. झाले उलटे. १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीला आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी स्वतःचा मटका सुरू केला. कापूस गेला तरी कोणाचे काही अडले नाही, कारण लोक कापसावर पैसे लावतच नव्हते, आकड्यावर लावत होते. गिरण्यांच्या पाळ्या सुटल्या की कामगार चिठ्ठ्या घेऊन उभे राहत. आपल्यातल्या कितीतरी घरांतले आजोबा त्या गिरण्यांत साच्यावर होते, आणि कितीतरी आज्यांनी पगाराच्या दिवशी गेटवर जाऊन उभे राहायची सवय त्यातूनच लावून घेतली होती.

मटक्याला निदान एक वेळ होती. आकडा फुटेपर्यंत थांबावे लागे. टपरीपर्यंत चालत जावे लागे, आणि जाताना चार जणांच्या नजरेला पडावे लागे. खिशात असतील तेवढेच पैसे जात. मोबाइलने या चारही अडचणी दूर केल्या आहेत. सामना चालू असताना दर मिनिटाला भाव बदलतो, दर मिनिटाला नवा डाव लावता येतो. पांघरुणात तोंड घालून लावता येतो. आणि खिशातले संपले तर तोच मोबाइल पाच मिनिटांत कर्जही मिळवून देतो.

आता हिशेबाकडे येऊ. पोरांना वाटते, आपल्याला खेळ कळला तर आपण जिंकू. दोन तुल्यबळ संघ खेळत आहेत असे धरा. ॲप दोघांनाही १.९० असा भाव देते. म्हणजे शंभर लावले आणि जिंकलात तर मुद्दल धरून १९० हातात. एकाने एका संघावर शंभर लावले, दुसऱ्याने दुसऱ्यावर शंभर. ॲपकडे दोनशे आले. कोणीही जिंको, ॲप १९० देते आणि दहा रुपये ठेवते. शंभराला पाच रुपये, दर डावाला, कोण जिंकले कोण हरले याची पर्वा न करता. ऐकायला पाच टक्के किरकोळ वाटतात. पण पोरगा एकदा लावून थांबत नाही. पाचशे रुपये घेऊन बसतो आणि तेच पाचशे फिरवत राहतो. पाचशेचे वीस डाव झाले की एकूण दहा हजार लावून झालेले असतात, आणि दहा हजारांचे पाच टक्के म्हणजे पाचशे. एखादा त्या रात्री वर येईल, एखादा आधीच बुडेल, पण सरासरीने घेऊन बसलेले पाचशे संपलेच. वीस डाव लावायला मोबाइलवर एक रात्र पुरते.

तीन सामन्यांचा 'कॉम्बो' लावला की मोठी रक्कम मिळते, असे सांगतात. तिन्ही बरोबर आले तर शंभराचे सुमारे ६८६ होतात. पण तीन नाणी उडवली आणि तिन्ही छाप पडायची, तर तशी आठात एकच संधी. न लुटता द्यायचे असते तर ८०० द्यायला हवे होते. म्हणजे इथे शंभराला चौदा रुपयांहून जास्त कापले जातात. बक्षीस जितके डोळे दिपवणारे, तितकी कात्री मोठी. मटक्यातही हेच होते: एकेरी आकड्याला दहात एक संधी, आणि मिळत साधारण नऊपट.

त्यातून आइस हॉकीसारखा खेळ, आणि तोही मोसमाच्या सुरुवातीचा! त्या खेळात गोल थोडे होतात, दोन्ही संघांचे मिळून साधारण सहा. गोल थोडे असले की एखादी चकती कोणाच्या तरी बुटाला लागून आत जाते आणि निकाल फिरतो. मोसम नुकता सुरू झालेला असतो तेव्हा कोणता संघ भरात आहे, नवे खेळाडू कसे जुळले आहेत, याचा अंदाज तिथल्या जाणकारांनाही नीट येत नाही. गोलरक्षक कोण उभा राहणार हे पुष्कळदा सामन्याच्या दिवशी कळते. भाव ठरवणाऱ्या कंपनीकडे हे सगळे टिपणारी माणसे आणि संगणक बसलेले आहेत. आणि समोर कोण? बारा तास खोकी उचलून दमलेला आपला पोरगा.

इथे पुष्कळ जण म्हणतील, मग पोरांना हा हिशेब शिकवा, विहारात एक व्याख्यान ठेवा, प्रश्न मिटला. मला तसे वाटत नाही. हिशेब न कळणारे जुगारात अडकतात आणि कळणारे सुटतात, असे असते तर इंजिनियर आणि बँकेतले कारकून यात बुडालेच नसते. हिशेब सांगायचा तो अजून सुरुवात न केलेल्यांसाठी. जो अडकला आहे त्याला आपण हरतोय हे आपल्यापेक्षा चांगले माहीत असते.

मग तो थांबत का नाही? जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत जुगाराचा विकार हा दारू आणि इतर नशांच्या शेजारी नोंदलेला आहे. ही नवी यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी त्याला २०१३ मध्येच व्यसनांच्या गटात घातले होते. कारण मेंदूत घडते ते तसेच घडते. बक्षीस ठरलेल्या वेळी मिळाले तर माणसाला त्याचे अप्रूप राहत नाही. कधी मिळेल याचा भरवसा नसला की मेंदू त्याच्या मागे धावत सुटतो. त्यात थोडक्यात हुकणे ही आणखी वाईट गोष्ट. शेवटच्या मिनिटाला गोल झाला आणि डाव गेला, तर तो मेंदूला हरल्यासारखा वाटत नाही, 'जवळजवळ जिंकलो' असा वाटतो. आणि मग येते ती या आजाराची मुख्य खूण: गेलेले काढायला जाणे. पाचशे गेले ते काढायला हजार, हजार काढायला पाच हजार. ज्याला हे लागले आहे त्याच्या तोंडी एक वाक्य हमखास असते, "एकदा गेलेलं वसूल झालं की बंद." ते वसूल होत नाही. झाले तरी बंद होत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगातल्या प्रौढांपैकी १.२ टक्के लोकांना हा विकार आहे. आकडा लहान वाटेल. पण त्याच संघटनेची आणखी एक नोंद आहे, की जुगारात लोक जे पैसे हरतात त्यातले सुमारे ६० टक्के पैसे हानिकारक पातळीवर खेळणाऱ्यांचे असतात. म्हणजे हा धंदा गंमत म्हणून शंभर रुपये लावणाऱ्यांवर उभा नाही, आजाऱ्यांवर उभा आहे. दुसरी नोंद अशी, की असा एक माणूस सरासरीने आणखी सहा जणांना झळ पोचवतो. आपल्या वस्तीत हे सहा जण मोजायला लांब जावे लागत नाही. आई, बाप, बायको, दोन पोरे, आणि जिने बचत गटात त्याच्यासाठी सही केली ती शेजारीण.

शरीरावर काय होते तेही सांगतो. झोप सगळ्यात आधी जाते. पहाटे साडेचारला छातीत धडधडत असलेला माणूस सातला झोपून काय झोपणार? मग पित्त, डोकेदुखी, जेवण पुढे ढकलणे, तंबाखूच्या पुड्या वाढणे. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्याच्या गोळ्या चुकू लागतात, कारण गोळ्यांचे पैसेही गेलेले असतात. आणि आपल्याकडची कामे कोणती आहेत ते पाहा. जेएनपीटीच्या रस्त्याला कंटेनर चालवणे, गोदामात फोर्कलिफ्ट, तळोजा आणि रसायनीच्या कारखान्यांत यंत्रावर उभे राहणे, बांधकामावर उंचावर चढणे. रात्रभर जागलेल्या माणसाने यातले एकही काम करू नये. मुंबई-गोवा महामार्गावर अपघात झाला की आपण खड्ड्यांना शिव्या देतो, आणि त्या द्यायलाच हव्यात. पण ड्रायव्हरने रात्र कशात काढली हेही एकदा विचारून पाहावे.

आमच्या भागात आणखी एक गोष्ट आहे, ती शहरातल्या डॉक्टरांना सांगून कळत नाही. वासुदेव बळवंत फडक्यांचे जन्मगाव म्हणून शिरढोणचे नाव पुस्तकात आहे, पण आजच्या पोरांना ते माहीत आहे जमिनीच्या भावाने. विमानतळ आला, नैना आली, रस्ते रुंद झाले. ज्यांच्या नावावर सातबारा होता त्यांच्या दारात गाड्या उभ्या राहिल्या. ज्यांच्या आजोबांच्या नावावर गुंठाभरही नव्हता त्यांच्या दारात तोच जुना नळ. हे रोज डोळ्यांसमोर बघणाऱ्या पोराला बारा तासांच्या पाळीत आयुष्य बदलणार नाही हे नीट कळते. ॲप त्याला नेमके तेच विकते: एका रात्रीत बदलेल. त्याला नुसते 'आळशी' म्हणून हिणवणे मला पटत नाही. बारा तास राबणारा माणूस आळशी कसा?

कायद्याचे काय? संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे म्हणवोत की नशिबाचे, चालवण्यावर त्यात बंदी आहे. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड, अशी तरतूद आहे. भारतीय क्रिकेट संघाच्या छातीवर नाव असलेल्या ड्रीम इलेव्हनने पैशांचे खेळ बंद केले आणि जर्सीवरचे नावही गेले. चांगले झाले. ज्या खेळाडूंना आपली पोरे देव मानतात त्यांनी वर्षानुवर्षे टीव्हीवर येऊन 'संघ बनवा, जिंका' म्हणावे आणि खाली बारीक अक्षरांत 'व्यसन लागू शकते' असे भरभर वाचले जावे, हा तमाशा फार दिवस चालला. जुलै २०२५ मध्ये तर आपल्या विधिमंडळातच मंत्र्यांच्या मोबाइलवर रमी दिसल्याचा व्हिडिओ गाजला. आपण खेळत नव्हतो, असे मंत्र्यांनी सांगितले. नंतर त्यांचे कृषी खाते गेले आणि क्रीडा खाते मिळाले. यावर वेगळे काही लिहायची गरज नाही.

पण कायदा झाला म्हणून धोका टळला, असे समजणाऱ्यांशी माझा वाद आहे. उघड दुकान बंद झाले, मागचे दार उघडेच राहिले. परदेशात बसलेली ॲपे एक नाव बंद केले की दुसऱ्या नावाने येतात. व्हॉट्सॲपवर किंवा टेलिग्रामवर कोणी तरी 'आयडी' देतो, पैसे कुठल्या तरी अनोळखी नावाच्या खात्यात टाकायला सांगतो. पाचशे भरा, हजार बोनस घ्या म्हणतो, आणि तो बोनस काढायचा तर आधी अमुक पट रकमेचे डाव लावा अशी अट घालतो. जिंकलेले पैसे अडकले तर तक्रार कोणाकडे करणार? नव्या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा ठेवलेली नाही, सरकार त्याला फसलेला समजते. हे लक्षात ठेवा, कारण पोलिसांच्या भीतीने घरातली माणसे मदत मागायला बाहेर पडत नाहीत.

पोलिसांची खरी भीती धरायची ती वेगळ्या गोष्टीची. सट्ट्याचे पैसे फिरवायला या लोकांना बँक खाती लागतात. वस्तीतल्या पोरांना गाठून 'तुझं खातं, एटीएम कार्ड आणि सिम दे, महिन्याला काही हजार देतो' असे सांगितले जाते. पोराला वाटते, आपण काहीच करत नाही, फुकटचे पैसे आहेत. त्या खात्यातून लाखो रुपये फिरतात, कोणाच्या तरी फसवणुकीचे पैसेही त्यातच येतात, आणि पोलीस येतात ते खात्यावर ज्याचे नाव आहे त्याच्या घरी. आपल्या आईचे, आजीचे, लाडकी बहीणचे पैसे जमा होणारे खाते कोणालाही वापरायला देऊ नका. दिले असेल तर आजच बँकेत जाऊन बंद करा. पैशांची ऑनलाइन फसवणूक झाली असेल तर १९३० या क्रमांकावर जितक्या लवकर कळवाल तितके बरे.

आता धम्माबद्दल थोडे. पंचशीलात मद्यपानाचे नाव आहे, जुगाराचे नाही. बावीस प्रतिज्ञांतही दारू आहे, जुगार नाही. याचा फायदा घेऊन वाद घालणारे मी पाहिले आहेत. वर्षावासात पुढे ग्रंथाचे वाचन चालू आणि मागच्या कट्ट्यावर तीन पत्ती चालू, हेही आपण सगळ्यांनी पाहिले आहे. त्यांनी सिगालोवाद सुत्त वाचावे. राजगृहातल्या सिगाल नावाच्या तरुण गृहस्थाला तथागतांनी संसार कसा करावा ते सांगितले, त्यात जुगाराचे सहा तोटे स्पष्ट मोजले आहेत. बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात गृहस्थांच्या विनयात ते घेतले आहेत. जिंकला तर वैर वाढते, हरला तर गेलेल्या धनाचा शोक करतो, हातचे धन जाते, सभेत त्याच्या शब्दाला किंमत राहत नाही, मित्र आणि अधिकारी त्याला हलका लेखतात, आणि सोयरिकीला कोणी उभे करत नाही. थोडक्यात अर्थ असा. यात पाप लागेल, नरकात जाशील, असे एक अक्षर नाही. सगळे इथले, डोळ्यांना दिसणारे. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही यादी वाचताना मला ती एखाद्या डॉक्टरच्या केसपेपरसारखी वाटते.

चौथा तोटा मला सगळ्यात मोठा वाटतो, शब्दाची किंमत जाणे. पैसे परत कमावता येतात. पण 'आई आजारी आहे' म्हणून तीन ठिकाणी उसने मागून झाल्यावर खरोखर आई आजारी पडते तेव्हा कोणी दार उघडत नाही. जुगाराच्या आजारात खोटे बोलणे हे लक्षणच आहे, तापात अंग गरम होते तसे. म्हणून जयंतीच्या सभेत नाव घेऊन लाज काढणे, मंडळातून काढून टाकणे, असे प्रकार वस्तीने करू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. लाज काढलेला माणूस खेळायचे सोडत नाही, सांगायचे सोडतो. मंडळाची वर्गणी मात्र त्याच्या हातात देऊ नका. यात विरोध काही नाही. मधुमेह्याला आपण वाईट म्हणत नाही, पण जिलेबीची परात सांभाळायला त्याला बसवतही नाही.

घरच्यांनी काय करावे? सगळ्यात मोठी चूक होते ती मायेपोटी. पोरगा रडतो, पाया पडतो, शेवटचे म्हणतो, आणि आई मंगळसूत्र मोडून किंवा गटातून कर्ज काढून सगळे देणे एकदम फेडते. दोन महिन्यांनी पुन्हा तेच. देणे फिटले की मेंदूला वाटते, वाट मोकळी झाली. देणे फेडायचेच, पण आधी पगार आणि मोबाइलचे व्यवहार दुसऱ्याच्या हाती गेले पाहिजेत. पगाराचे खाते यूपीआयला जोडलेले नको. जोडायचेच तर दुसरे लहान खाते, त्यात आठवड्याचा खर्च तेवढाच. बँकेच्या ॲपमध्ये रोजची मर्यादा कमी करता येते, ती करून घ्या. देणेकऱ्यांची यादी एका वहीत लिहा, सगळी, लपवाछपवी न करता. महिना दहा टक्क्याने घेतलेले आधी, नातलगांचे नंतर, आणि पैसे त्याच्या हातून न देता घरच्या माणसाने स्वतः नेऊन द्यायचे. गटाच्या ताईंना माझी विनंती आहे, कर्ज कशासाठी हवे ते विचारताना 'घरखर्च' एवढ्यावर थांबू नका. बायकोला पुढे करून नवऱ्याचा सट्टा फिटतो, आणि हप्ता मात्र तिच्या नावावर राहतो.

उपचार आहे, आणि त्याचा उपयोग होतो. खास या आजाराची अशी वेगळी गोळी नाही. मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक ठरावीक भेटींत बोलून, खेळायची ऊर्मी कधी येते, आली की काय करायचे, याची सवय बसवतात. सोबत उदासी किंवा दारू असेल तर त्याची औषधे देतात, आणि ती पुष्कळदा असते. सुरुवात पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयातून करता येईल. डॉक्टरांना 'झोप येत नाही' एवढेच सांगून गोळ्या घेऊन परत येऊ नका, सट्ट्याचे नाव घ्या. मध्ये एकदा पाय घसरला म्हणजे उपचार फुकट गेला, असेही समजू नका. दारू सोडणाऱ्याचे घसरते तसेच याचे घसरते.

कर्जात बुडालेला माणूस 'माझ्या मागे तुमचं बरं होईल' असे बोलू लागला, सामानाची वाटणी करू लागला, किंवा एकदम गप्प झाला, तर त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. जीवाला धोका दिसला तर ११२ लावा. कर्जाचा आकडा कितीही मोठा असो, तो हप्त्यांत मोडता येतो, हे त्याच्याशी शांतपणे बोला.

सरकारची टेलि-मानस ही फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. क्रमांक १४४१६. पैसे लागत नाहीत, दिवसरात्र चालू असते, म्हणजे पहाटे साडेचारलाही. फोन लागला की आधी भाषा निवडायला सांगतात, मराठी निवडा. पलीकडच्या समुपदेशकाला सगळी हकीकत सुरुवातीपासून सांगायची गरज नाही, 'मोबाइलवर सट्टा खेळतो, थांबत नाही' एवढे म्हटले तरी पुढचे ते विचारतात. खेळणारा फोन करायला तयार नसेल तर आईने केला तरी चालतो, बायकोने केला तरी चालतो. घरात बोलता येत नसेल तर विहाराच्या ओट्यावर बसून करा.